उंची धरणारी चाकं

विश्रामबागेत नोकरी आणि वडूजजवळ दोन एकर डाळिंब, म्हणजे मी शनिवार-रविवारचा शेतकरी. तेवढ्या शेतीसाठी मी एक म्हातारा मिनी ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्यामागं गवत कापायचा कटर जोडला. ट्रॅक्टरवर मी पाठ अशी ताठ ठेवून बसायचो, की बायको म्हणायची, "आवं, गवत कापताय का सलामी घेताय?"

त्या ट्रॅक्टरची मागचं अवजार उचलून धरणारी लिफ्ट बसायची. लिव्हर ओढून कटर चार बोटं वर धरावा, तर ओळीच्या निम्म्यावर जाईतो तो हळूहळू खाली यायचा नि गवताऐवजी माती भादरायचा. वडूजच्या चाचांनी लिफ्ट खोलून नवे वायसर बसवले. चाचा म्हणजे सत्तरीचे मिस्त्री. जुना ट्रॅक्टर रुसला की सगळे त्यांच्याकडंच जायचे. पण पुढच्याच रविवारी कटर पुन्हा बसला आणि त्यानं ठिबकची नळी तीन ठिकाणी कापली.

मी तडक चाचांच्या दुकानात. चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली. ऐकणारे असले की मला जरा जास्तच सुचतं. म्हणालो, "चाचा, तुमाला आता वायसर दिसत न्हाईत. दुकान सोडा अन् पारावर बसा निवांत!"

लोक हसले. त्यातल्या एकानं मात्र दुरुस्तीला आणलेला पंप उचलला. "नंतर आणतो," म्हणाला आणि गेला. चाचा त्या पंपाकडं बघत राहिले.

दुपारी ते मोटारसायकलवरून रानात आले. लिफ्टला हातही लावला नाही. कटरभोवती एक फेरी मारली.

"सायेब, ह्याची दोन बारकी चाकं कुठं हायत?"

"काढली. वळताना अडकायची."

"आवं, जुनी लिफ्ट थोडी बसणारच. लिफ्ट उचलायला; उंची धरायची ती चाकांनी. चाकाची पिन ज्या भोकात घालाल, तेवढं गवत ऱ्हातंय. चाकं शोधा."

"बघतो कुठं ठेवलीत," मी म्हणालो.

रानातल्या खोलीतून बायको ओरडली, "बघायचं काय त्यात? गॅसच्या सिलिंडरखालच्या गाडीला लावलीत की तुमीच!"

चाकं सिलिंडरखालून निघून कटरला लागली. कटर सगळी ओळ एकाच उंचीनं गेला. चाचांनी चहाही घेतला नाही.

पुढच्या शनिवारी मी माफी मागायला गेलो. पोचलो सकाळीच, पण दुकानात माणसं होती, म्हणून समोरच्या गाड्यावर उसाचा रस पीत थांबलो. तीन ग्लास झाले. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आत शिरलो आणि हळूच म्हणालो, "चाचा, चूक माझीच होती."

त्यांनी पान्यावरून नजर काढली नाही. "त्या दिवशी लय मोठ्यानं बोलला हुता, सायेब. आज ऐकू येईना."

मी घसा खाकरला. मोठ्यानं म्हणणारच होतो, तेवढ्यात दारात दोघंजण येऊन उभे राहिले. चाचांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. वाट बघितली.

मी ऑइलचा भाव विचारला.