पहिला घोट घरधन्याचा

बल्लारशाला पहाटे रेल्वेतून उतरून मी एटापल्लीच्या एस.टी.त बसले, तेव्हा हवेला कोळशाचा ओलसर वास होता. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि तो वास मागे राहिला. मार्च संपत आलेला. आलापल्लीच्या पुढे साग निष्पर्ण उभे होते, आणि त्यांच्या राखाडी रांगांमधून मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा दिसून नाहीसा होई. मग उघड्या खिडकीतून एक गोड, जड, किंचित आंबूस गंध आत आला. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि न विचारताच सांगितले, "मोह गळून राह्यला, बाई."

माझी मावसबहीण सुधाताई लग्नानंतर सांगलीहून इकडे आली, तिला आता वीस-बावीस वर्षे झाली. तिचे यजमान मूळचे वडशाचे. एटापल्लीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना पन्नास वर्षे पूर्ण होत होती आणि त्यांनी आग्रहाने बोलावले होते, ते केक कापायला नव्हे, तर त्यांनी रानातल्या फळाफुलांपासून घरी केलेल्या वाइन चाखायला.

घर कौलारू, मागे बोडी (लहान तळे). आतल्या थंड खोलीत खाटेखाली चार बरण्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. भाऊजी एकेकीजवळ उकिडवे बसून, फडके किंचित सैल करून, डोळे मिटून वास घेत होते. वैद्य नाडी बघतो तसे.

"चाखत नाही का?" मी विचारले.

"नाई. नुसतं नाक," ते हसले. "जिभेले बंदी हाये."

बंदीची हकीकत सुधाताईने चुलीपाशी सांगितली. तीन वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली आणि यकृत कायमचे दुखावले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावले की आता थेंबही गेला तर आम्ही जबाबदार नाही. त्याआधी मित्रांत बसून मोहाची घेणारे भाऊजी त्यानंतर वाइनच्या नादी लागले. गाळायचे, साखर घालायची, महिनोन्महिने राखायची आणि प्यायची मात्र नाही.

"मले भ्या वाटते गं," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत तिची भाषा इथल्या मातीची झाली होती. "घरात साप पोसल्यासारखं. आज हे संपलं की बरण्या लोणच्याला. तसं कबूल केलंय त्यांनी."

ऊन कलल्यावर पाहुणे आले. शेजारच्या माडिया आदिवासींच्या गावातले लालसू, भाऊजींचे जुने स्नेही; त्यांची बायको रैजी; आणि त्यांच्या घरची चार-सहा माणसे. "जोहार, मास्तर!" "जोहार, जोहार!" लालसूंनी भेट म्हणून तुंब्यातून (वाळवलेल्या दुधी भोपळ्यातून) गोरगा आणला होता. माडासारख्या उंच झाडाचा हा रस. त्यांनी द्रोणात तो ओतला, चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले, स्वतः एक घोट घेतला आणि मगच द्रोण माझ्या हाती दिला. देणाऱ्याने आधी प्यायचे, म्हणजे पेयात काही कालवलेले नाही हे पाहुण्याला दिसते. अशी त्यांची रीत. गोरगा पांढुरका, ताज्या दह्याच्या निवळीसारखा आंबट, जिभेच्या टोकावर बारीक फुटणारा. भाऊजींचा हात नकळत पुढे आला. ताईने नुसते पाहिले. हात मागे गेला.

जेवणाला लाल भात, सांबार (कोथिंबीर) पेरलेले वरण आणि लाल मुंग्यांची चटणी होती. चटणीची आंबट ठिणगी अजून टाळूवर असतानाच भाऊजींनी बरण्या अंगणात आणवल्या. पहिली बोरांची. द्रोण भरले गेले आणि सर्वांसमोर ठेवले गेले. कुणीही उचलला नाही.

"घ्या ना, लालसूभाऊ," भाऊजी म्हणाले.

"तू पे ना पयले, मास्तर. घरधनी आधी पेते, मंग पावना."

"माझ्यावर भरोसा नाई?"

"भरोसा हाय. रीतबी हाय." लालसू हसले. "तुह्याच घरी रीत मोडू का?"

भाऊजींनी द्रोण उचलला. फार लगबगीने, असे मला वाटले. ताईलाही वाटले असावे. तिच्या हातातली पळी थांबली.

"तुम्हाले ठाऊक होतं," ती हळू म्हणाली. "म्हणूनच यांना बोलावलं."

भाऊजींनी द्रोणात पाहिले. मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "सुधा, एकच घोट. तीन वर्षं झाली. मी काय बनवून राह्यलो ते मलेच माहीत नाई."

बोडीवरून एक टिटवी ओरडत गेली.

ताईने पळी ठेवली, पदराला हात पुसले आणि त्यांच्या हातातून द्रोण काढून घेतला. जन्मात कधी न चाखलेली ती बाई. तिने लालसूंकडे पाहिले. "घरधनीण चालते का?"

"काऊन नाई?" उत्तर रैजीने दिले. "घर तिचंच तं हाय."

ताईने चार थेंब सांडले आणि घोट घेतला. तिचा चेहरा आक्रसला. भाऊजी तिच्याकडे असे पाहत होते, जसे कुणी निकालाकडे पाहते.

"आंबट," ती म्हणाली. "वाळलेल्या बोरकुटाचं पाणी. पण मागून ऊब येते."

"किती मागून?"

"गिळल्यावर. इथी." तिने गळ्याला बोट लावले.

मग द्रोण उठले. मीही घेतला, मला त्यात पावसाळी पेटीतल्या जुन्या रेशमाचा वास आला, पण ते मी बोलले नाही. दुसरी टेंभरांची (तेंदूच्या फळांची). "घाणेरडी!" ताई थुंकलीच. "जीभ कापसासारखी झाली."

भाऊजी खदखदून हसले. "कच्ची फळं पडली. मले वाटलंच होतं!"

मोहाची वाइन सोनेरी होती, गोड आणि थोडी उदास; लालसूंनी ती चाखून निकाल दिला, "ही दारू नाई, मास्तर, सरबत होय. यानं नाच नाई येत." शेवटची जांभळाची. ताईने घोट जिभेवर घोळवला. तिचे ओठ जांभळे झाले होते.

"सांग ना," भाऊजी म्हणाले.

"आधी तुरट. मग थंड. मग..." तिने डोळे मिटले. "पाऊस येऊन गेल्यावर जांभळीखालून जावं, तसं. चांगली केली तुम्ही."

पन्नास वर्षांच्या त्या गृहस्थाने रिकाम्या बरणीवरच्या फडक्याची उगाच नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.साठी मी पिशवी भरली, तेव्हा ताई बोडीवर बरण्या धूत होती. मी लोणच्याचा विषय काढला. तिने बरणी उन्हाकडे धरून आत पाहिले.

"जांभळं येऊ दे," ती म्हणाली. "रस ते काढतील. चाखायचं मी पाहते."

आलापल्लीपर्यंत सागांच्या त्याच राखाडी रांगा होत्या. परक्या गावाची चव आपल्याच जिभेने घ्यावी लागते, असे प्रवासाविषयी मी आजवर मानत आले. गाडीच्या धक्क्यांत मात्र आठवत होता तो एक माणूस, स्वतः न पिता, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून घोटाघोटाने आपल्या चार बरण्या ओळखणारा. त्या अंगणात सर्वांत जास्त त्यानेच चाखले होते.