अंबूबाईंच्या साड्या

कानडी मुलखातल्या एका शहरात, शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत पद्मावतीचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे आणि तयार कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्यायचा, असं तिचं कैक वर्षं चाललं होतं. पिशवीवर लाल अक्षरात दुकानाचं नाव होतं. त्या छपाईचं तिला मोठं कौतुक.

एका वर्षी गल्लीतलं गटार तुंबलं. घाण पाणी दुकानात शिरलं आणि मशीनच्या पायदानापर्यंत चढलं. सफाईची माणसं आली नि लांब काठ्यांनी खालचा गाळ ओढू लागली. त्या गाळातून एकामागून एक तिच्याच पिशव्या निघाल्या. लाल अक्षरं जराही पुसली नव्हती.

"अक्का, हे तुमचंच ना?" एकानं सहज विचारलं.

आपलं नाव कुणीतरी जमिनीखालून उकरून काढतंय, असं पद्मावतीला वाटलं.

त्यानंतर तिच्या दुकानात प्लास्टिक आलं नाही. लोकांच्या जुन्या साड्या मागून घ्यायच्या, त्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि गल्लीतल्या फळवाल्या, फुलवाल्या, बेकरीवाल्यांकडे ठेवायच्या. गिऱ्हाईक पिशवी घेऊन जाई, पुढच्या वेळी परत आणी. कात्रणं उशांमध्ये भरली जात, दोऱ्याचे तुकडेसुद्धा केरात जात नसत. कामाचा व्याप वाढला तशी महानंदा तिच्याकडे आली. ती आधी कपड्यांच्या कारखान्यात बेतायला होती. तिचा हात झपाझप चाले आणि तोंडही.

एके सकाळी एक माणूस ऑटोतून उतरला. चाळिशी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. दोन गाठोडी त्यानं स्वतः उचलून आत आणली.

"मी सुधींद्र. इंदिरानगरला असतो. आईच्या साड्या आहेत या. आई आता नाहीये."

"अय्यो," पद्मावती म्हणाली. "कधी झालं हो?"

"काय सांगू. फेकून द्यायला मन होईना. तुमच्याकडे काही वाया जात नाही असं ऐकलं."

"सरी, बरं. नीट वापरू आम्ही."

त्यानं आपला नंबर दिला, हात जोडले आणि गाठोड्यांकडे पुन्हा न बघता तो निघून गेला.

दुपारी दोघींनी गाठोडी सोडली. साड्या जुन्या पण जपलेल्या. सगळ्यांचे फॉल हातानंच लावलेले, टाका इतका बारीक की पद्मावतीनं चष्मा काढून, पुसून पुन्हा पाहिला. एका पदराला सेफ्टीपिन तशीच होती. महानंदानं तळातली निळी सुती साडी ओढली आणि एकदम सोडून दिली.

"अक्का, ही ओली आहे."

पद्मावतीनं हात लावला. घडीच्या आत कापड गार आणि दमट होतं. साबणाचा ताजा वास येत होता.

"मेलेल्या माणसाची साडी ओली कशी?" महानंदानं विचारलं.

"कपाट सर्द असेल. वाळव आणि काप."

महानंदानं ती साडी सगळ्यात शेवटी घेतली. त्याआधी तिनं कात्रीला कुंकू लावलं. पद्मावतीनं पाहिलं, पण एरवीसारखं हसली नाही.

पिशव्या बाजारात गेल्या आणि थोड्याच दिवसांत गोष्टी कानावर येऊ लागल्या. केळीवाला म्हणाला, एक म्हातारी येते, पिशव्यांना हात लावते, एखादी नाकाशी नेते आणि जागच्या जागी ठेवते. घेत काही नाही, बोलतही नाही. फुलवालीनं तिला दोनदा हाक मारली तर ती ऐकूच आलं नसल्यासारखी गेली. फॉल लावायला आलेली एक कॉलेजातली मुलगी सांगत होती, "के. आर. पुरमहून बसमध्ये बसले होते, मांडीवर तुमची पिशवी. समोर एक आजी. पूर्ण रस्ताभर माझ्या मांडीकडेच बघत होत्या. मी उतरले तर त्याही उतरल्या. मला भीतीच वाटली हो."

"केस कसे होते? मोकळे सोडलेले?" महानंदानं विचारलं.

"केसच नव्हते म्हणा ना. अगदी बारीक कापलेले."

महानंदानं पद्मावतीकडे पाहिलं. पद्मावती मशीनमध्ये दोरा ओवत राहिली. तो काही केल्या नेढ्यात शिरेना.

मग एका दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला, मशीनची मोटर बंद पडली, आणि दुकानात इतकी शांतता झाली की बाहेरच्या बसचे हॉर्न कुठून तरी लांबून आल्यासारखे वाटू लागले. पद्मावतीनं मान वर केली. दारात एक बाई उभी होती. अंगात ढगळ नायटी, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर पांढरे खुंट. ती कधी आली ते दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

दोरीवर तयार पिशव्या टांगल्या होत्या. बाई आत आली आणि एकेका पिशवीवरून तळवा फिरवू लागली.

"ही सुधीच्या मुंजीतली," ती मराठीत म्हणाली. "ही ह्यांनी म्हैसूरहून आणली होती. ही रोजची." शेवटच्या पिशवीपाशी ती थांबली. "माझी निळी कुठाय? निळी मी धुऊन वाळत घातली होती. वाळलीसुद्धा नव्हती अजून."

महानंदा मागे सरकत भिंतीला टेकली. तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"कोण तुम्ही?" पद्मावतीनं विचारलं.

"अंबूबाई." बाई जवळ आली आणि लहान मुलानं गुपित विचारावं तशी हळूच म्हणाली, "एक विचारू, बाळ? मी मेले का?"

पद्मावतीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. बाई घटाघटा प्याली. पाणी हनुवटीवरून ओघळून नायटीचा गळा भिजला. तेव्हा पद्मावतीनं धीर करून तिचं मनगट धरलं. मनगट उन्हातून आल्यासारखं तापलेलं होतं आणि आत नाडी उडत होती.

"नाही अम्मा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "नाही मेलात तुम्ही."

अंबूबाई खाली बसल्या. तुटक तुटक बोलत राहिल्या, मध्येच धागा सोडून देत. एका सकाळी सुधी म्हणाला, चल, डॉक्टरकडे जाऊ. नेलं ते के. आर. पुरमच्या पुढच्या, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात. तिथे साडी चालत नाही, केस कापतात. दूधवाला आला की फाटक उघडं राहतं, तशा त्या बाहेर पडतात आणि मिळेल त्या बसनं हिंडून अंधाराच्या आत परत जातात. एकदा घरी गेल्या होत्या. दारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी. शेजारीण त्यांना बघून किंचाळली आणि तिनं धाडकन दार लावून घेतलं.

"नंतर बसमध्ये माझी साडी दिसली. परक्या मुलीच्या मांडीवर. मग इथे बाजारात बघते तर हिच्या हातात मी, तिच्या हातात मी. म्हटलं, वाटून टाकलेलं दिसतंय. मेल्यावरच वाटतात ना?"

पद्मावतीनं सुधींद्रला फोन लावला. दिवेलागणीला तो आला. दारातच थांबला.

"तुम्ही आई वारली म्हणालात!" पद्मावतीचा आवाज चढला.

"नाही अक्का. नाहीये म्हणालो. घरात नाहीये." त्याचं बोलणं अजून तितकंच मऊ होतं. "ती गॅस चालू ठेवून झोपायची. ऑफिसातून रोज घाबरत घरी यायचो मी. शेवटी ते घरच सोडलं. आश्रमवाले साड्या नको म्हणाले. मग चांगलं कापड कचऱ्यात कशाला घालायचं? मला नाही पटत तसलं."

कचऱ्यात कशाला घालायचं, हेच वाक्य पद्मावती स्वतः दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आली होती. त्याच्या तोंडून ते ऐकताना तिच्या अंगावर काटा आला.

सुधींद्र आईसमोर वाकला. "अम्मा, चल."

अंबूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पद्मावतीला विचारलं, "हे कोण? ह्यांची आई वारली का?"

सुधींद्र वाकलेलाच राहिला.

"अय्यो पाप, बिचारा," अंबूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

त्या खरंच विसरल्या होत्या की समजून म्हणाल्या, हे पद्मावतीला आजही सांगता येत नाही. सुधींद्र मात्र पांढराफटक पडला. त्यानं गाडीत बसवायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. शेवटी पद्मावती आणि महानंदाच त्यांना आश्रमात सोडायला गेल्या. तिथल्या बाईंशी पद्मावतीनं वाद घातला, अगदी कन्नडमध्ये कडाकडा भांडली. साडी नेसू द्यायची आणि त्यांच्या मनात येईल तेव्हा दुकानात येऊ द्यायचं, हे कबूल करून घेऊनच ती उठली. लागणाऱ्या सह्या सुधींद्रनं मुकाट्यानं केल्या. तो त्यानंतर या गल्लीत दिसला नाही.

पुढचे काही दिवस दोघी गल्लीगल्लीतून पिशव्या मागत फिरल्या. बऱ्याच मिळाल्या. काही मिळाल्याच नाहीत. मिळाल्या त्या उसवल्या, इस्त्री केल्या आणि तुकड्याला तुकडा जोडला. निळी साडी पुरी होईना, तेव्हा तिच्यात मुंजीतल्या साडीचा काठ घातला. शिवणी शिवणींची ती साडी अंबूबाईंनी नेसली, निऱ्या चापून बसवल्या आणि विचारलं, "फॉल कुठाय?" स्वतःच सुई घेऊन बसल्या. तोच बारीक टाका.

आता पद्मावती कुणाच्याही साड्या तशाच ठेवून घेत नाही. "नाहीये" म्हणणाऱ्याला ती तोंडावर विचारते, "म्हणजे काय? वारल्या का? की जिवंत आहेत?" काही लोक रागावून गाठोडं परत घेऊन जातात. तिची ना नाही.

अंबूबाई महानंदाबरोबर बसनं येतात आणि खिडकीशी बसून फॉल लावतात. कधी कधी काम करता करता त्यांची सुई थांबते. बाहेर कुणाच्या तरी हातात ओळखीचा रंग जात असतो. तो दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहतात, मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहतात.

"महानंदा, मी दिसते ना गं तुला?"

"दिसताय की अम्मा. काजूकतलीएवढे टाके घालू नका, लहान घाला," महानंदा मुद्दामच म्हणते.

मग अंबूबाई चिडतात, आणि पुन्हा सुई चालू लागते.