एकाच टोकाचे दोन कोपरे

नोकरीच्या अर्जातला प्रश्न साधा होता. इतरांबरोबर मिळून केलेल्या एखाद्या कामाचं उदाहरण द्या आणि त्यात तुमचा वाटा काय होता ते सांगा. त्याखाली एक रिकामी चौकट होती. मी त्या चौकटीत साड्यांबद्दल लिहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस जो तो मला ते खोडायला सांगत राहिला.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी रंगाऱ्यांचं. रंगाचं काम आजोबांबरोबर संपलं. माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि काका साड्या पॉलिश करून देतात. रेशमी साडी धुवायची, पातळ खळ द्यायची, ओली असतानाच चार कोपरे चौघांनी धरून ताणायची आणि मग लाकडी रुळावर गुंडाळायची. पदराकडचं टोक दोघांकडे, दुसरं टोक दोघांकडे. पाचवा माणूस ओलं फडकं घेऊन साडीखालून चालतो आणि जिथे सुरकुती दिसेल तिथे हात फिरवतो. लहानपणापासून तो पाचवा माणूस मी. साडीखालून वर बघत चालताना उजेड त्या साडीच्या रंगाचा होतो, हे मला शाळेत कुणाला सांगूनही कधी पटवता आलं नाही.

शाळा माझी म्हैसूरजवळच्या हुणसूर गावची, कन्नड माध्यमाची. अप्पांचं आणि काकांचं बस्तान तेव्हा तिथेच होतं. बारावीनंतर मला म्हैसूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि दोघा भावांनी ठरवलं की सगळं घरच म्हैसूरला न्यायचं. धंदाही इथे जास्त चालेल असं काका म्हणाले, पण निघायचं कारण मी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. जे मिळालं ते मला आई, अप्पा, काका आणि काकी या चौघांनी दिलं, हे मी कुठेही, कुणासमोरही सांगेन.

काकीचं माहेर हुणसूरचं. आई, भावंडं, सकाळी भाजी निवडताना गप्पा मारायला येणाऱ्या शेजारणी, सगळं सोडून ती आली. म्हैसूरला आल्यावर काही महिन्यांनी एकदा स्वयंपाकघरात तिच्या तोंडून निघून गेलं, "एका पोरीच्या डिग्रीसाठी चार माणसांनी गाव सोडलं. डिग्री मिळाली तरी नोकरी कोण देणार आहे ते बघू."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "साकु," म्हणाली. "पुरे. यापुढे माझ्याशी बोलू नको."

आणि दोघी जावा खरंच बोलायच्या थांबल्या. एकाच चुलीवर स्वयंपाक, एकाच अंगणात काम, पण शब्द नाही. निरोप द्यायचा तर माझ्यामार्फत.

याचा परिणाम साड्यांवर झाला. आई नेहमी पदराच्या टोकाला उभी राहायची, काकी समोरच्या. चौघांनी ताणायचं म्हणजे ताकदीने ओढायचं नसतं. समोरचा किती ओढतोय ते हाताला कळतं आणि तितकंच आपण ओढायचं असतं. या दोघींना समोरची ओढ हाताला लागली की राग यायचा. एक जरा जास्त ओढायची, मग दुसरी त्याहून जास्त. नव्या साडीने हे सोसलं असतं. जुन्या रेशमाने नाही सोसलं. एका म्हाताऱ्या बाईंची लग्नातली साडी काठाच्या जोडावर हातभर उसवली. मी तेव्हा तिच्याखालीच होते. आवाज फार बारीक येतो.

अप्पा त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागून आले. घरात मात्र कुणी कुणाला काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तशीच जुनी, अंजिरी रंगाची एक साडी होती. चौघे आपापल्या जागी उभे राहायला लागले आणि मी मध्येच म्हणाले, "थांबा. आई, तू इकडे ये. काकीच्या शेजारी."

"का?" आई म्हणाली.

"अप्पा आणि काका पदर धरतील. तुम्ही दोघी हे टोक धरा."

"तिच्या बाजूला? मी?"

"तिच्या बाजूला. तिच्याकडे बघायचं नाही. अप्पांकडे बघायचं."

काका हसले. "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?"

"सुम्मने, उगीच बडबडू नका," काकी नवऱ्याला म्हणाली, "धरा तुमचं टोक."

साडी ताणली गेली. आता दोघींना एकमेकींची ओढ हाताला लागतच नव्हती. लागत होती ती नवऱ्यांची, आणि त्यांच्याविरुद्ध दोघींना सारखं ओढावं लागत होतं, नाहीतर साडी तिरपी व्हायची. काकी जरा ढिली पडली की आईला कळायचं आणि तीही ढील द्यायची. मी खालून चालत होते. साडी सरळ होती. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या हातून एकही साडी उसवली नाही.

हे मी अर्जात लिहिलं. पण पहिल्यांदा लिहिलं ते असं नव्हतं, हे कबूल करायला हवं. पहिल्यांदा मी लिहिलं होतं की आम्ही घरातली माणसं एकजुटीने काम करतो आणि एकमेकांना सांभाळून घेतो. ते वाचून शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे काहीच नाही. हे कुणीही लिहील."

ताई महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या. एका कंपनीत नव्या माणसांची निवड करायच्या खात्यात होत्या. त्यांच्या साड्या आमच्याकडे यायच्या, त्यातून ओळख झाली. रविवारी सकाळी त्या मला वर बोलवायच्या, चहा द्यायच्या आणि माझे अर्ज वाचायच्या. एक पैसा घेतला नाही. मराठी नीट लिहायला मी त्यांच्याकडची पुस्तकं वाचून शिकले. त्यांनीच मला शिकवलं की उदाहरण एकाच प्रसंगाचं हवं. काय बिघडलं होतं, तू स्वतः काय केलंस, त्याने काय बदललं. "सगळ्यांनी काय केलं ते नको सांगू. तू काय केलंस?" त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. त्या विचारत राहिल्या म्हणून मला तो अंजिरी साडीचा दिवस आठवला. तोवर मी त्याला काही केलं असं मानतच नव्हते.

मी ते लिहून नेलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हे घरातलं भांडण आहे."

"हो."

"कंपनीला तुमच्या जावाजावांच्या भांडणाशी काय देणंघेणं? तुझा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे ना? चौघांचा. तो लिही."

"ताई, त्या प्रोजेक्टवर नावं चौघांची होती. काम मी एकटीने केलं. बाकीचे फोटो काढायला आले."

"मग काय झालं? सगळे तेच लिहितात. थोडं कामाची वाटणी केली, मतभेद मिटवले असं घालायचं."

"मतभेद व्हायला माणसं यावी लागतात."

ताई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तू हट्टी आहेस. मी हे अर्ज रोज बघते. निवडणारा माणूस साडी वगैरे वाचून पुढच्या अर्जाकडे जाईल. तुला नोकरी हवी आहे की तुझं खरं करायचं आहे?"

मला नोकरी हवीच होती. ताईंना ठाऊक नव्हतं किती. घरी काकी तोंडाने काही म्हणत नव्हती, पण मी फोन बघायला लागले की तिची नजर माझ्यावर असायची. नोकरी मिळाली नाही तर तिचं स्वयंपाकघरातलं वाक्य खरं ठरणार होतं, आणि आईचा अबोला खोटा. तरीही मी प्रोजेक्ट लिहिला नाही. ज्या कामात माझ्याबरोबर कुणीच नव्हतं त्याला मिळून केलेलं काम म्हणायचं, आणि ज्यात चार माणसांच्या हातांची ओढ मला अजून आठवते ते घरगुती म्हणून लपवायचं, हे मला जमणार नव्हतं. घरातल्या माणसांनी कमावून मला शिकवलं. आता शिकलेल्या भाषेत त्यांचं काम मोजायचंच नाही म्हणजे काय?

पहिल्या कंपनीतून दोन ओळींचा नकार आला. ताई म्हणाल्या, "आता तरी बदल." अप्पाही म्हणाले, "त्या शिकलेल्या आहेत, ऐक त्यांचं." मी वाक्यं घासली, लांबी कमी केली, उसवलेल्या साडीचा प्रसंग वर आणला. साडी बदलली नाही.

दुसरं बोलावणं आलं ते येलवालच्या रस्त्याला असलेल्या एका ऑफिसातून. ग्राहकांच्या तक्रारी हाताळायचं काम होतं. समोर दोघं बसले होते, एक साहेब आणि त्यांच्याहून वयाने मोठ्या एक बाई. साहेबांच्या हातात माझा अर्ज होता. ते इंग्रजीत विचारत होते, मी इंग्रजीतच पण सावकाश उत्तर देत होते.

"हे साडीचं वाचलं मी," ते म्हणाले. "मग पुढे तुमच्या आई आणि काकूंचा समेट झाला?"

"नाही सर."

"अजून बोलत नाहीत?"

"नाही."

"मग याला यश कसं म्हणायचं? टीम तर जुळली नाही."

ताई तिथे असत्या तर त्यांनी डोळे मिटून घेतले असते. पण माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि असतं तरी दिलं नसतं.

"माझं काम त्यांचं भांडण मिटवण्याचं नव्हतं, सर. ते मोठ्यांचं आहे, मी लहान आहे. माझं काम साडी उसवू न देण्याचं होतं. ती साडी आमची नाही, लोकांची असते. तुमच्याकडे सगळी माणसं एकमेकांशी बोलतात का, मला माहीत नाही. बोलत नसतील तरी ग्राहकाचं काम अडायला नको ना?"

बाईंनी मान खाली घातली आणि माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "दोघींना शेजारी उभं करायचं कसं सुचलं?"

"मी साडीखाली असते, मॅडम. कोण किती ओढतंय ते खालून दिसतं."

नोकरी मिळाली. ताई पेढे खाताना म्हणाल्या, "तुझं चाललं म्हणून सगळ्यांचं चालेल असं समजू नको." मी त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले की चाललं नसतं तरी तिसऱ्या अर्जात साडीच असती. त्यांनी माझ्या पाठीत एक हलकी चापट मारली.

घरी सांगितलं तेव्हा चौघांच्या हातात साडी होती, हिरवी, रुंद काठाची. अप्पांचे डोळे भरले, पण कोपरा सोडता येईना, म्हणून तसेच उभे राहिले. मी फडकं घेऊन खाली शिरले.

माझ्या डोक्यावरून काकीचा आवाज आला. "तुझ्या आईला विचार, पोरगी ऑफिसला गेल्यावर रोज खालून कोण फिरणार?"

आई तिच्यापासून हातभर अंतरावर, त्याच टोकाला उभी होती.

"तिला सांग," आई म्हणाली, "रविवारी पोरगी आहे. बाकीचे दिवस तिच्या माहेरची भाची इकडे राहायला येते का ते विचारावं. भाचीलाही पुढे शिकायचंय म्हणे."

साडी जराही हलली नाही. मी हिरव्या उजेडातून पुढे सरकत एक सुरकुती पुसली.