कागदावर इथली नाही

बार्शीच्या एसटी स्टँडवर डबा आईने दिला. अण्णा, तुम्ही दिलीत ती प्लास्टिकची फाइल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. गाडी हलली तरी खिडकीखाली चालत तुम्ही सांगत होतात, "कागद भिजू देऊ नको." स्वतःला जप, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत. टेंभुर्णीपर्यंत मी तुमच्यावर रुसून बसले होते.

ठाण्यात कॉलेज मिळालं, पण सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही. अशा बाहेरगावच्या मुलांना राहण्याजेवणासाठी सरकारी मदत मिळते. ती आली तर दुसरं वर्ष, नाहीतर मी परत, हे आपल्या घरात आधीच ठरलेलं होतं. ठाण्याजवळ दिवा गावात शालनमावशीच्या खोलीत मी एक कॉट भाड्याने घेतली. मावशी मूळची देवगडकडची, एकटी, नौपाड्यातल्या एका दवाखान्यात आया. मदत येईपर्यंत तिने भाड्याचा विषयच काढला नाही.

आणि मदत काही येईना. रोज मोबाइलवर अर्ज उघडायचे. 'छाननी सुरू आहे.' दिवाळीत तेच, संक्रांतीला तेच. वर्गातल्या मुली पिक्चरला निघाल्या की मला नेमका अभ्यास आठवायचा. तुम्हाला फोनवर "मजेत आहे" म्हणायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. फार एकटं वाटायचं, अण्णा. तेव्हा सांगितलं नाही.

शेवटी मावशीनेच मनावर घेतलं. "अगं, अडणारच ना अर्ज! कॉलेज ठाण्यात नि पत्ता कुठला तरी गावचा. आता तू इथलीच ना? मग कागदावर पण इथलीच हो." सुट्टी टाकून तिने ओळखीच्या नगरसेवकाचं पत्र आणलं, मला कोपरीच्या आधार केंद्रात नेलं आणि माझा पत्ता बदलून घेतला. येताना दोघी उसाचा रस प्यायलो. नवं कार्ड मी मोठ्या हौसेने अर्जाला जोडलं.

अर्ज परत आला. कारण : अर्जदार स्थानिक रहिवासी, मदत फक्त बाहेरगावच्यांना.

मग तुम्ही ग्रामसेवकाच्या मागे लागून रहिवासी दाखला मिळवलात, मी पत्ता पुन्हा गावचा केला. घरमालकाच्या सहीचं एक पत्रही लागत होतं : 'अर्जदार फक्त भाडेकरू असून तिच्याशी माझं कोणतंही नातं नाही.' मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं. "नातं नाही म्हणे," एवढंच म्हणाली आणि सही केली. मग हंडे घेऊन पाणी भरायला खाली गेली. टँकर यायला अजून तास होता.

दुसरं वर्ष सुरू झालं तरी पैसे नव्हते. ठरल्याप्रमाणे तुम्ही परत बोलावलंत, तेव्हा माझ्या हातातला फोन तिनेच ओढून घेतला होता. "अहो, राहू दे की तिला. माझं काय खाते ती?" तुम्ही पुन्हा बोलावलं नाहीत. मदत आली त्यानंतर तीन महिन्यांनी. मावशीने आधी पेढे आणले, भाडं नंतर घेतलं.

आता कल्याणला माझी एकटीची खोली आहे. नळाला पाणी आहे, बोलायला कोणी नाही. गावी आले की आई पाहुणीसारखं बसवून वाढते. मी ताट उचलायला गेले तर ओशाळते. मावशी देवगडला भावाकडे असते. तिला कमी ऐकू येतं. मी फोनवर ओरडते, ती "जेवलीस का?" विचारते आणि उत्तर न ऐकताच "बरं बरं" म्हणते.

परवा नव्या नोकरीचा फॉर्म भरला. कायमचा पत्ता गावचाच लिहिला. खाली होतं, अडचणीच्या वेळी कोणाला कळवावं? अण्णा, रागावू नका, मी मावशीचं नाव आणि नंबर लिहिला. ऑफिसातल्या मुलीने फॉर्म परत केला. "मॅडम, नात्याचा रकाना रिकामा आहे."

मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, 'घरची'.