आत्याच्या करंज्या कोणी खाल्ल्या

आज दुपारी जरीपटक्यात, आत्याच्या घरी, तिची शोकप्रार्थना झाली. घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

आत्या नर्स होती. रिटायर झाल्यावरही गल्लीत कुणालाही इंजेक्शन द्यायला, जखम धुवायला जायची. आधी डोळे मिटून प्रार्थना, मग काम. नाताळला करंज्या-चकल्यांचं ताट घरोघरी पाठवायची. शेजारच्या काकूंकडून ते दरवर्षी साखर घालून परत यायचं.

आज त्याच काकू मला म्हणाल्या, "लय मोठ्या मनाची होती वं तुझी आत्या. आम्ही तुमच्या घरचं खात नव्हतो, कामवालीले देऊन टाकत होतो. पण तिनं पाठवणं काही सोडलं नाही."

हे त्या कौतुक म्हणून सांगत होत्या.

याच काकूंच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या पाठीच्या जखमा आत्यानं तीन महिने धुतल्या. तो हात चालला. त्या हातची करंजी चालली नाही.

मी उठून बाहेर आले. चपलांपाशी त्यांची कामवाली कांता रडत बसली होती. तिला विचारलं, आत्याला हे माहीत होतं का?

"माहीत होतं ना ताई. मले म्हणे, कांता, काकूच्या ताटात चार जास्त टाकल्या, तुह्या पोरींसाठी."

काकूंचा राग तर आलाच, पण आज आत्याचाही आला. इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाही.

या नाताळला ताट थेट कांताकडे जाईल. आणि काकूंकडे? आत्यानं पाठवलंच असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही पाठवाल?