मीठ चाटवणारा हात

रफीकच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दोन हात असत. एक चारा घालणारा, दुसरा सुरी धरणारा. म्हसळा तालुक्यातल्या त्यांच्या गावी आजा रहमतुल्लाने दंडकच घालून दिला होता: ज्याने जनावर वाढवलं, त्याने ते कापायचं नाही. त्यामुळे एक भाऊ भातशेती आणि शेरडं बघायचा, दुसरा मटणाचं दुकान. थोरला आकिब शेतावर गेला, धाकट्या रफीकच्या हाती सुरी आली.

बकरी ईदच्या सकाळी आकिब आपला बोकड उंबऱ्यापर्यंत आणायचा, दोरी रफीकच्या हातात द्यायचा, हात धुवायचा आणि मागे न बघता खाचराकडे चालू लागायचा. मटणाचे वाटे घरोघर पोचेपर्यंत त्याचं तोंड दिसायचं नाही. बायका हसायच्या, "आकिबभाय रडायला गेले!" ते खरंच होतं.

रफीक सुरी घेऊन सौदीतल्या बुरैद्याला आला आणि अबू सालेहच्या मटणाच्या दुकानात केस पिकेपर्यंत राबला. मग दुकानांत स्थानिक माणसंच हवीत, अशी सक्ती सुरू झाली. तपासणीवाले दोनदा येऊन गेले. अबू सालेहने पुतण्याला गल्ल्यावर बसवलं, दुसऱ्या एका स्थानिकाला मटण तोडायच्या ओंडक्यापाशी उभं केलं आणि रफीकला गावाबाहेरच्या आपल्या मळ्यावर धाडलं. काम गेलं, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, राहिला. इकामा अबू सालेहच्या हातात, म्हणून रफीकही राहिला.

मळ्यावर खजुराची झाडं, लसूणघास आणि मेंढरं. आयुष्यभर जनावराला शेवटच्या घटकेलाच हात लावलेला माणूस. मेंढरं त्याला बघून कुंपणाला चिकटायची. त्याने आकिबला फोन लावला.

"भाय, ही जवळच येत नाहीत."

"लांबून तुझा वास येत असेल त्यांना," आकिब हसला. "सुरी ठेवतोस तिकडे जाऊ नको आधी. तळहातावर मीठ घे, खाली बस आणि गप राहा. माणसाला घाई असते, जनावराला नसते."

रफीक बसला. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग एका कान फाटलेल्या मेंढ्याने त्याचा तळहात चाटला. खरखरीत, ऊन जीभ. त्याच्यामागून बाकीची आली. थंडी सरेपर्यंत त्याने नुसती शीळ घातली की सगळा कळप धावत यायचा. खाचराकडे मागे न बघता जाणारा भाऊ रफीकला तेव्हा कुठे कळला.

त्याच सुमारास जेद्द्याहून, शराफिया वस्तीतल्या एका कोकणी खाणावळवाल्याचा निरोप आला. आतल्या कामाला कसाई हवा होता; इकामा आपल्याकडे घ्यायला तो तयार होता. फक्त जुन्या कफीलने, म्हणजे अबू सालेहने, सोडायला हवं. रफीकला पुन्हा ओंडक्यामागे उभं राहायचं होतं. पन्नाशी उलटली होती. अशी दुसरी संधी येणार नव्हती. त्याने अबू सालेहकडे विषय काढला.

"जा की," अबू सालेह म्हणाला. "ईद होऊ दे. घरची चार मेंढरं काप, मग तुला सोडतो."

"दुसरा कसाई बोलवा, अबू सालेह. यांना मी वाढवलंय."

"मग? तू कसाई नाहीस?"

"आहे."

"खलास."

मळ्यावर पंप आणि वायरिंग बघणारा राजापूरचा दत्ताराम होता. रफीकने त्याला घराण्याचा दंडक सांगितला आणि एक तोड काढली. ईदपर्यंत चारा, पाणी, मीठ सगळं दत्तारामने द्यायचं. ईदच्या दिवशी दोरी त्याने आणून हातात द्यायची. म्हणजे वाढवणारा हात त्याचा ठरेल.

"म्हणजे पाप माझ्या नावावर चढवतोस होय रे, रफीकभाय?"

"पाप नाही रे. फक्त दोरी."

"बरं, धरतो. पण मेंढरांना विचारलंस काय?"

मेंढरांना कोणी विचारलं नव्हतं. दत्ताराम मीठ घेऊन बसला की ती दूरच उभी राहायची आणि कोठीच्या दाराकडे बघायची. रफीक तिथे आत लपून बसलेला असायचा.

ईदच्या सकाळी नमाज झाल्यावर अबू सालेह भावांना घेऊन मळ्यावर आला. भिंतीआड रफीक सुरी पाठीमागे धरून उभा राहिला. दत्तारामने फाटक्या कानाच्या मेंढ्याला दोरी लावली. मेंढ्याने असा हिसका दिला की दत्ताराम धुळीत आडवा झाला आणि मेंढा दोरीसकट कळपात घुसला. पाहुणे खो खो हसले. अबू सालेहला मात्र ऊन लागत होतं.

"या पंपवाल्याला बाजूला करा. रफीक, यल्ला! तू बोलव."

रफीकने दत्तारामकडे पाहिलं. दत्ताराम कोपर झाडत मान खाली घालून उभा होता. जेद्द्याचा रस्ता याच भिंतीआडून जात होता. रफीकने ओठ ओले केले आणि शीळ घातली.

कळप फाटकाशी लोटला, पण अबू सालेहच्या भावांनी मेंढ्यालाच तेवढं बाहेर सोडलं. तो धावत आला. दोरी मागे फरफटत होती. आला तो थेट रफीकच्या रिकाम्या डाव्या हातात नाक खुपसून मीठ शोधू लागला. रफीकने अल्लाचं नाव घेतलं. मग पुढचा आला, तोही शिळेवर. त्याच्यामागून उरलेले दोन. कोणालाच धरावं लागलं नाही.

अबू सालेहचे भाऊ अचंब्याने बघत राहिले. एक जण म्हणाला, "असा माणूस पाहिला नाही. पुढच्या ईदला माझी मेंढरंही याच्याकडेच ठेव."

"ठेव ना," अबू सालेह खूश होऊन म्हणाला. मग रफीकच्या खांद्यावर थाप मारून, "जेद्दा-बिद्दा विसर. तुझ्यासारख्याला मी सोडीन होय?"

"तुम्ही शब्द दिला होता, अबू सालेह."

"तेव्हा मला कुठे माहीत होतं तू काय आहेस!"

दुपारी आकिबचा फोन आला. ईद मुबारक झालं, तब्येती झाल्या. मग आकिबने विचारलं, "दोरी कोणी दिली तुला?"

"आहे इथे एक राजापूरचा. त्याने."

"बरं झालं," आकिब म्हणाला. "हात धुतले ना त्याने?"

"धुतले."

दुसऱ्या सकाळी रफीक चारा घेऊन कुंपणाशी गेला. मीठ त्याने घेतलं नव्हतं, शीळही घातली नव्हती. उरलेली मेंढरं तरीही आली आणि त्याच्या तळहाताला नाकं लावू लागली. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ती वळसा घालून पाठीमागे गेली.