इंदूबाईचे हात

कुंभिवलीत इंदूबाईच्या भावकीत लग्न निघालं की हळदीच्या दिवशी मांडवामागे चुली मांडतात आणि बायका तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसतात. पहिली भाकरी देवापुढे ठेवायची आणि ती थापायची इंदूबाईनेच, असा कित्येक वर्षांचा रिवाज. घरात तिचं कुणी ऐकत नसे, नवरा तर नाहीच. पण परातीसमोर बसली की सगळ्या तिच्या शब्दात.

मग संधिवाताने बोटांचे सांधे धरले. सकाळी मूठ मिटेना. इंदूबाईने कुणाला पत्ता लागू दिला नाही. हात पदराखाली घ्यायचे, चौक गावच्या मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणायच्या आणि कुणी विचारलंच तर बांगड्या भरायला गेले होते म्हणून सांगायचं. भाकरी न थापणारी इंदूबाई म्हणजे कोण, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

पुढे नेमकं हेच दुखणं धाकट्या जावेला, सोमीला झालं. या बयेने मात्र गावभर केलं. कर्जतच्या डॉक्टरकडे राजरोस जायची, सुनेकडून वेणी घालून घ्यायची, खुर्चीत बसून सगळ्यांना कामं सांगायची आणि वर हसायची. इंदूबाईचा नुसता जळफळाट व्हायचा. दुखणं तेच, मग हिला झोप लागते कशी? सोमीची भाकरी मुळातच वातड, तिला कोण विचारत होतं! तिचं काही गेलंच नव्हतं, म्हणून तिला हसायला सुचत होतं.

सोमीच्याच मुलीच्या, नम्रताच्या हळदीला इंदूबाई दोन गोळ्या गिळून परातीसमोर बसली. उकड मळताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने धुरावर ढकललं. भाकरी गोल उतरली. पण तव्यावर टाकायला उचलली आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की देवाची भाकरी राखेत पडली.

सोमी खुर्चीतून वाकली आणि तिला ती सुजलेली बोटं दिसली.

"जाऊबाय, कदीपासून हाय ह्ये?"

इंदूबाईला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण सोमीच्या आवाजातली ती जाणतेपणाची कीव तिला सहन झाली नाही.

"तुज्या आदीपासून," ती म्हणाली. "चांगली दोन वर्सं आदीपासून. इतकी वर्सं अशाच हातांनी थापल्या भाकऱ्या."

सोमीचा चेहरा उतरला. तिच्या खुर्चीभोवतीच्या सुना उठून इंदूबाईकडे आल्या. कुणी पाणी दिलं, कुणी परात ओढून घेतली. एकजण म्हणाली, काकींनी सोसलं म्हणजे कमालच केली. इंदूबाईला लाज वाटत होती, पण तिला फार बरंही वाटत होतं. तिने दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवले.

"मला एक खुर्ची आणा गं," ती म्हणाली. "आन् सोमीच्या पुढं ठेवा."